आठवं पॅनेल

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे मीटर वाचले.
शाहूपुरी, कनाननगर, सदर बझार, पुढं बावडा.
जिन्याखाली, न्हाणीमागं,
कोळिष्टकं सारून, टॉर्च दातात धरून.
माणसांच्या आधी मला कुत्र्यांची नावं पाठ झाली.

आता मीटर माझा, माझ्याच दारात,
आणि तो दोन आकडे दाखवतो,
घेतलेले युनिट, दिलेले युनिट.
सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यापुढं जातो.
इंदू म्हणते, "आरतीला उभारल्यागत काय उभारताय?
रिटायर झालाय न्हवं?"

गच्चीवर आठ पॅनेलं.
सांगाडा उद्यमनगरातनं वेल्डिंग करून आणलेला,
पैसे थोडे फंडाचे, थोडे पोराचे.
शेजारी पाण्याच्या सोलरची टाकी.
नळ सोडला की आधी बादलीभर गार,
मग एकदम चटका.
तांब्याचा बंब मी मोडीत घालणार होतो,
भावही विचारून आलो होतो.
इंदूनं घालू दिला नाही, आणि तिचंच बरोबर निघालं.
इथं पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस ऊन म्हणून नसतं,
राधानगरीचे दरवाजे उघडल्याचं जो तो सांगत येतो,
टाकीतलं पाणी कोमटसुद्धा होत नाही,
तेव्हा बंबात शेंगांची टरफलं, करवंट्या,
आणि डोळे चोळत माझी आंघोळ.

तर, आठवं पॅनेल.
दुपारी दोननंतर दस्तगीर मुल्लाणीच्या जांभळाची सावली
त्याच्यावर चढते.
मग सातव्यावर.
चारला सहाव्याच्या निम्म्यापर्यंत.
बसवणारं पोरगं म्हणालं, "काका, एकावर सावली आली
की सगळी ओळच मरगळते."
मी हिशेब मांडला, जुन्या सवयीनं, रेघा मारून.
दिवसाला अडीच युनिट.
महिन्याला पंचाहत्तर.
कागद घेऊन भिंतीपलीकडं गेलो.

दस्तगीरनं चष्मा लावून सगळा वाचला,
बेरीजसुद्धा तपासली.
"तोडूया की फांद्या," म्हणाला,
"एवढी जांभळं उतरू देत."

तो मे असा होता, की दाराच्या कडीला हात लावता येईना.
इंदूचं तर वयच असं,
दोन वर्षं झाली, मधेच अंगातनं वाफा निघतात,
पदरानं वारा घेत ती निम्म्या स्वयंपाकातनं उठते.
पोरानं एसी पाठवला.
ज्या उन्हानं तापवलं त्यालाच कामाला लावलं,
असं मी तालमीच्या कट्ट्यावर सांगत सुटलो.
ती दहा मिनिटं त्याच्यापुढं बसायची,
"हाडं ठणकतात बाई," म्हणायची,
आणि मागच्या खोलीत जाऊन
भिंतीला पाठ लावून फरशीवर आडवी व्हायची.
झोपायचीसुद्धा. घोरायची.

एका दुपारी मी तिच्याशेजारी बसलो
आणि भिंतीला हात लावला.
उलट्या तळव्यानं,
जसा डब्याला करंट आहे का बघायला लावायचो तसा.
पश्चिमेची भिंत, चार वाजलेले, मे महिना,
आणि माठाच्या बुडागत गार.
खिडकीतनं बाहेर बघितलं.
माझी तीन पॅनेलं खाणारी सावली
खाली या भिंतीवरही पसरली होती,
आणि तिच्यात मुल्लाण्यांची मांजर.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
घेतलेले की दिलेले?
चौतीस वर्षांत अशी नोंद मी कधी केली नाही.
इंदूला उठवलं नाही.

जूनमध्ये, सकाळी सातलाच, दस्तगीर आला.
खांद्यावर शिडी, कमरेला कोयता,
आणि पोरीच्या हातात वाटीभर जांभळं, मीठ लावलेली.
"कुठनं सुरू करू?"
मी म्हटलं, आधी चहा घे.
चहा झाला. मग पान झालं.
ऊन वर आलं, दारातला आकडा हलायला लागला.
तो कोयत्याची धार अंगठ्यानं बघत बसलेला.
इंदू दारात येऊन उभी, काही न बोलता.

"कोयता ने," मी म्हणालो,
"शिडी तेवढी राहू दे.
पाखरं जांभळं खाऊन घाण करतात,
आठवं रोज धुवायला लागतंय."